चेष्टा जाहिरातीची: तुमचे प्रश्न

दुचाकीस्वारांनी भरलेल्या थिएटरातली बिअरची जाहिरात आम्हाला वर्गात दाखवली. त्यात एवढं काय आहे? – एक विद्यार्थिनी, घाटकोपर

२०११ची कार्ल्सबर्गची ती फीत. ब्रसेल्समधलं १५० खुर्च्यांचं थिएटर, त्यात १४८ धिप्पाड, गोंदवलेले बाइकवाले आणि मधोमध दोनच जागा रिकाम्या. तिकीट काढून आलेली जोडपी दारातच थबकतात. काही मुकाट्याने परततात, काही 'जरा सरका' म्हणत आत घुसतात. बसताच टाळ्यांचा कडकडाट होतो आणि हातात बिअर येते.

चेष्टा बहुतेकदा माणसाला पाडते. इथे ती त्याला उचलून धरते. बिअर शेवटी येते, तीही शाबासकी म्हणून. ती आधी दिसली असती, तर सगळंच फसलं असतं. अर्थात, रोज विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्याला यात कसलं धाडस, असं वाटेल!

हायनेकेन या दुसऱ्या बिअर कंपनीने २००९मध्ये इटलीतल्या मिलानमध्ये आणखी कडी केली. ऐन मिलान-रेआल माद्रिद सामन्याच्या रात्री मैत्रिणी, साहेब, प्राध्यापक यांना फितवून १,१३६ फुटबॉलवेड्यांना शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत अडकवलं आणि मग तिथल्याच पडद्यावर सामना लावला. मला विचाराल तर ही जास्त सरस. मोठ्या पडद्याची मजा नुसती सांगून पटत नाही, आधी सामना हुकल्याची हळहळ वाटावी लागते.

मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये असं करता येईल? – एजन्सीतला नवखा, लोअर परळ

बिअर वाटून? विसरा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९च्या कलम २४मध्ये मद्याच्या जाहिरातीलाच मनाई आहे. त्यातून सौम्य बिअरलाही वयाची अट २१ वर्षं. अंधारात कोणाचं वय विचारणार? टीव्हीवर तर १९९४च्या केबल नियमांनीच दार बंद केलंय. मद्याच्याच नावाने सोडा, पाणी, कॅलेंडर यांची जाहिरात करायची, अशा आडवाटा आपल्याकडे निघाल्या त्या यामुळेच. २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्या छुप्या जाहिरातींवरही बोट ठेवलंय. क्लायंटकडे जाण्याआधी वकिलाकडे जा.

कोणी चिडलं तर? – एक आजोबा, गिरगाव

चिडणारच. चित्रीकरण झाल्यावर लगेच सगळं उघड करायचं, लेखी संमती घ्यायची. नाही म्हणाला त्याचा चेहरा वगळायचा. वयस्कर किंवा लहान मुलांसोबतचं कोणी दिसलं, की तो प्रयोग तिथेच थांबवायचा.

घाटकोपरच्या ताई, प्रोजेक्टसाठी बिअरऐवजी कोकम सरबत घ्या. दोन खुर्च्या मात्र मधल्याच ठेवा, कडेच्या नको.