ऑपरेशनमध्ये इजा झाली, तर ते रुग्णाला सांगणं सर्जनवर बंधनकारक आहे का?

तुम्ही लिहिलंय की आईचं पित्ताशय दुर्बिणीने काढल्यावर ड्रेनमधून, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीतून, पित्त येतंय आणि सर्जन "कॉम्प्लिकेशन आहे, होतं असं" एवढंच म्हणतात. नेमकं काय झालं ते सांगायला ते बांधील नाहीत का?

बांधील आहेत. मी तालुक्याच्या गावी सव्वीस वर्षं सर्जरी केली आणि ही इजा माझ्या हातूनही झालेली आहे, म्हणून लिहितोय.

या ऑपरेशनमध्ये पित्ताशयाची छोटी नळी कापायची असते. यकृतातून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला धक्का लावायचा नसतो. सूज असली की दोन्ही एकमेकींना चिकटतात आणि मुख्य नलिकाच छोटी नळी वाटते. हजारात साधारण तीन ते पाच रुग्णांना ही इजा होते, अनुभवी हातांकडूनही होते. म्हणजे "होतं असं" हे खोटं नाही. पण तुमच्या आईच्या पोटात काय झालं, ते त्यातून कळत नाही.

माझ्या रुग्ण साठीच्या मावशी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर पिशवीत लालसर पाण्याऐवजी हिरवट-पिवळं पित्त. बघताक्षणी पोटात गोळा आला, कारण एक क्लिप लावताना माझा हात क्षणभर अडखळला होता, ते मला आठवत होतं. मुलाला मात्र म्हणालो, "थोडं पाझरतंय, थांबेल." छोटी गळती कधीकधी आपोआप थांबतेही, त्यामुळे वाक्य निभावून गेलं. तेच वाक्य मी दोन दिवस बोललो. मग डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला. तेव्हा स्टूल ओढून खाटेशी बसलो आणि सांगितलं, "मावशी, मुख्य नळीला माझ्याकडून इजा झालीय. ती दुरुस्त करणं माझ्या आवाक्यातलं नाही. पुण्याला यकृताच्या सर्जनकडे नेऊ, मी सोबत येतो."

त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग परवा का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशी बऱ्या झाल्या, पण ते दोन दिवस माझ्या भीतीपायी त्यांनी दुखण्यात काढले.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हेळसांडीची मोठी चौकशी झाली आणि २०१४ पासून अशी इजा रुग्णाला सांगून माफी मागणं रुग्णालयांवर कायद्यानेच बंधनकारक झालं. आपल्याकडे इतकं थेट सांगणारा कायदा नाही. पण मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की आजाराचं गांभीर्य डॉक्टरने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची, हेही त्यातच आहे.

डॉक्टर गप्प का बसतात? केसची भीती, आणि मारहाणीची. दुसरी भीती खोटी नाही, मी तोडफोड झालेली हॉस्पिटलं पाहिली आहेत. पण फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय. आणि माझा अनुभव असा की नातेवाइकांचा स्फोट बहुतेक वेळा लपवाछपवी उघडी पडल्यावर होतो.

आता तुमचं. आज ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट लेखी अर्ज देऊन मागा. ऑपरेशनचं रेकॉर्डिंग झालं असेल तर तेही. हे कोर्टासाठी नंतर, आधी पुढच्या सर्जनसाठी लागतं: कुठली नळी, कुठे कापली गेली, हे कळल्याशिवाय त्याला दुरुस्ती नीट ठरवता येत नाही, आणि पहिली दुरुस्ती अनुभवी हातांनी झाली तरच ती चांगली टिकते. ड्रेनमध्ये रोज किती मिली पित्त येतं ते वहीत लिहा. ताप, थंडी किंवा डोळे पिवळे दिसले तर सकाळची वाट बघू नका.

आणखी एक. आम्ही सर्जन मुलाला व्हरांड्यात बाजूला घेऊन बोलतो, आई आत एकटी पडून असते. तुम्ही व्हरांड्यात ऐकून घेऊ नका. "डॉक्टर, आईसमोरच सांगा," म्हणा आणि त्यांना खाटेजवळ खुर्ची द्या.