घरी शांत असणारा मुलगा वर्गाच्या ग्रुपवर दुसऱ्याला का छळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळचं गाव, मुलगा नववीत, घरी कधी कोणाला उलट बोलत नाही. आणि त्यानेच वर्गातला एक मुलगा जेटीवर घसरून पडला तेव्हाच्या फोटोतून चेहरा कापून व्हॉट्सअ‍ॅपचा स्टिकर बनवला. दोन आठवडे ग्रुपवर तोच फिरतोय. हा असा कसा वागला आणि आता काय करायचं?

तो स्टिकर पडलेल्या मुलासाठी बनवलेलाच नाही, वर्गातल्या बाकीच्यांसाठी बनवलाय. हे ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

ऑनलाइन नाव लपतं म्हणून मुलं बेफाम होतात, असं सर्रास सांगितलं जातं. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये ऑनलाइन संकोच का सुटतो याची सहा कारणं मांडली, त्यात निनावीपणा आहेच. पण आपल्याकडे वाडीत कोण कोणाचा हे सगळ्यांना पाठ असतं. तुमच्या मुलाचं नाव कुठे लपलंय? लपलाय तो समोरच्याचा चेहरा. लापिदोत-लेफ्लर आणि बराक यांनी 2012 मध्ये याच गोष्टी वेगवेगळ्या करून तपासल्या. माणसं शिवराळ होण्यात निनावीपणापेक्षा नजरानजर नसण्याचा वाटा मोठा निघाला. वर्गात चिडवलं की समोरच्याचे कान लाल होतात, ओठ थरथरतो, आणि चिडवणारा बऱ्याचदा तिथेच थांबतो. फोनवर फक्त दोन निळ्या खुणा दिसतात आणि खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या तोंडांची रांग.

त्यात हे वय. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी गाडी चालवण्याच्या खेळात एकटं असताना घेतले त्याहून कितीतरी जास्त धोके मित्र बघत असताना घेतले. चोविशीपुढच्यांमध्ये तो फरक जवळपास नव्हता. ग्रुप म्हणजे चोवीस तास बघत बसलेले मित्र. शिवाय छळणारा नेहमी वाया गेलेला किंवा एकटा पडलेला असतो, हेही खरं नाही. फॅरिस आणि फेल्मली यांना 2011 मध्ये आढळलं की मुलांच्या लोकप्रियतेच्या उतरंडीत वर चढण्याबरोबर त्रास देणंही वाढतं, अगदी टोकाला पोचल्यावरच ते कमी होतं. मधल्या पायरीवरचं, घरी गप्प असणारं मूल असं करतं त्यात म्हणूनच मला नवल वाटत नाही. बहुधा पहिल्यांदाच त्याच्या एखाद्या गोष्टीवर सगळा वर्ग हसला असेल.

आपल्याकडे शिमग्यात नावाने बोंब मारायची मुभा असते, पण तिला दिवस ठरलेले असतात, माणसं समोरासमोर असतात आणि नंतर त्याच अंगणात पालखी नाचते. शिमगा गेला तरी कवित्व राहतं म्हणतात ना, फोनवर नेमकं ते कवित्वच संपत नाही. मुलाने एकदाच टाकलेला स्टिकर दहा जणांनी जपून ठेवला की रोज नव्याने येतो. टाकणाऱ्याच्या हिशोबी ती एकदाची गंमत, सोसणाऱ्याच्या हिशोबी रोजचा मार.

आता बोलायचं कसं? ‘का केलंस’ने सुरुवात करू नका, त्याला उत्तर ‘असंच’ येतं. फोटो कोणी काढला, स्टिकर कधी बनवला, पहिला कोण हसला, त्यानंतर तो मुलगा ग्रुपवर काय बोलला, असं क्रमाने विचारा. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुलं अडतात, कारण तिकडे त्यांनी पाहिलेलंच नसतं. मग ठरावीक वाक्यं येतील: गंमत होती, सगळेच टाकतात, त्यानेच आधी खोडी काढली, तो आहेच तसला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी याला नैतिक अलिप्तता म्हटलं. वाईट मूल नव्हे, चांगलंच मूल स्वतःला चांगलं समजत राहण्यासाठी ही वाक्यं वापरतं. वाद घालू नका. ‘गंमत होती’ म्हणाला तर एवढंच विचारा, ‘तो हसला का?’

त्याच दिवशी स्टिकर काढायला लावा. ‘सर्वांसाठी हटवा’ साधारण अडीच दिवसच चालतं, त्यामुळे घाई करा, आणि इतरांनी टाकलेले मेसेज ग्रुपच्या अ‍ॅडमिनला काढायला सांगा. इतरांनी आवडत्यांत ठेवलेला स्टिकर त्यानेही जात नाही. तेव्हा ‘मी बनवला, चूक झाली, तुमच्याकडचाही काढा’ असं मुलाने स्वतःच्या शब्दांत ग्रुपवर लिहावं. हसणारे थांबले की करणारा थांबतो, म्हणून हा मेसेज माफीपेक्षाही कामाचा. माफी वेगळी, समोर जाऊन. आधी त्या मुलाच्या घरी फोन करून त्याला चालेल का विचारा, नको म्हणाला तर जाऊ नका. शाळेत दोघांना एका खोलीत बसवून हात मिळवायला लावतात, ते टाळा. यात दोघांचं बळ सारखं नसतं, बाहेर पडल्यावर दुबळ्यालाच पुन्हा ऐकावं लागतं.

मारलंत किंवा फोन कायमचा काढून घेतलात, तर तो मित्राच्या फोनवरून दुसरं खातं उघडेल आणि तुम्हाला कळणारही नाही. महिनाभर रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो टाकायचा नाही, एवढं पाळून घ्या. ते जास्त टिकतं.

दुसऱ्याच्या नावाने खोटं खातं उघडणं हे वेगळं प्रकरण आहे, तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66क (66C, ओळख चोरणं) आणि 66ड (66D, तोतयेगिरीने फसवणं) ही कलमं लागू शकतात. अठराखालच्या कोणाचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल तर पुरावा म्हणूनही तो साठवू वा पुढे पाठवू नका, तेही त्याच कायद्याच्या 67ब (67B) खाली गुन्हा ठरू शकतं. लिंक आणि खात्याचं नाव टिपून घ्या आणि 1930 (सायबर गुन्हे) किंवा 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) वर फोन करा.

आणि एक पाहायचं राहू देऊ नका: तुमच्या मुलाला कोणी चिडवतंय का, दुसऱ्या ग्रुपवर, क्लासला किंवा मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या भावंडांकडून. छळणाऱ्यांतली काही मुलं स्वतःही छळली जात असतात, आणि ती दोन्हीकडून खचतात. ते विचारायला या भांडणाची वेळ नको. दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग बाजाराला जाताना गाडीवर मागे बसवून सहज विषय काढा. समोरासमोर बसून जे निघत नाही ते पाठमोरं निघतं.