आधी तिथी बघ, मग सॅक भर

मडगाव

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. सात दिवसांत तेरेखोलपासून पोळ्यापर्यंत गोव्याचा अख्खा किनारा पायी, रोज पंधरा किलोमीटर. कागदावर गणित जमतं, कारण किनारपट्टी साधारण १०५ किलोमीटर आहे. पण नकाशावरच्या रेघेवरून चालता येत नाही. शापोरा, मांडवी, जुवारी यांची मुखं आडवी येतात. मुरगावचं बंदर आणि दाबोळीचा नौदलाचा परिसर टाळून आत वळावं लागतं. प्रत्येक वळसा डांबरी रस्त्याचा, भर वाहतुकीतला. पहिल्याच खेपेला हे सगळं अंगावर घेतलंस तर तिसऱ्या दिवशी पायांना फोड येतील आणि चौथ्या दिवशी बस पकडावी लागेल.

म्हणून किनाऱ्याचे तुकडे पाड. पहिला तुकडा कासावली ते काणकोण. दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक, मधे सलग वाळू आणि नंतर डोंगर, एकूण पासष्ट-सत्तर किलोमीटर. उत्तरेकडून दक्षिणेकडेच चाल. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी वारा समुद्रावरून वायव्येकडून सुटतो. दक्षिणेकडे जाताना तो पाठीशी राहतो, उलट गेलीस तर तोंडावर वाळू.

आता तारीख. तू सुट्टी बघून तारीख धरली आहेस. ती खोड आणि कालनिर्णय उघड. किनाऱ्यावरच्या चालीचं सगळं यश ओहोटीवर ठरतं. ओहोटीने उघडी पडलेली ओली वाळू कडक आणि बरीचशी सपाट असते, तिच्यावर तासाला चार किलोमीटर सहज होतात. भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो आणि वरची कोरडी, भुसभुशीत रेती उरते. तिच्यात त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते, त्यामुळे वेग तासाला अडीचवर येतो. पोटऱ्या भरून येतात त्या यामुळे.

आपल्याकडचे जुने लोक भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. चतुर्थी म्हणजे तीन वाजता भरती, म्हणजे नवाच्या सुमारास ओहोटी. हा फक्त अंदाज आहे, गोव्यात तासाभराचा फरक सहज पडतो. म्हणून नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घे आणि सातही दिवसांच्या वेळा कागदावर उतरव. पण आठवडा निवडायला तिथीचा हिशोब पुरतो. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला निघालीस तर पहिले तीन दिवस, म्हणजे नेमके वाळूवरचे दिवस, ओहोटी सकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान येते. तुला चालायचं असतं तेव्हाच वाट उघडी असते. शिवाय वद्य पक्षातल्या त्या पहाटे चंद्र पश्चिमेला समुद्रावर असतो. अमावास्येनंतरही ओहोटीच्या वेळा अशाच जुळतात, पण तेव्हा पहाटे काळोख असतो.

माझ्या मते माघ वद्य द्वितीया ते अष्टमी हा आठवडा सर्वांत चांगला. वसंतपंचमी होऊन गेलेली असते आणि उकाडा अजून अंगाला चिकटलेला नसतो. कार्निव्हल ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टर पौर्णिमेवरून, म्हणून कार्निव्हल अमावास्येच्या आगेमागे पडतो. शिगमो, म्हणजे गोव्याचा शिमगा, फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास. हे दोन्ही टाळून येणाऱ्या या दिवसांत खोल्या मिळतात आणि रस्ते मोकळे असतात. तरी आगोंद आणि पाळोळ्याच्या खोल्या महिनाभर आधी सांगून ठेव, तिकडे फेब्रुवारी हा भर हंगाम आहे.

आता रोजचा पल्ला. पहिल्या दिवशी वास्को-मडगाव गाडीने कासावलीला उतर, वेळसांवला समुद्र गाठ आणि आरोशी, उतोर्डा करत माजोर्ड्याला थांब. सहा-सात किलोमीटर, मुद्दाम कमी ठेवलेत. पहिल्या दिवशी अंगात जोर असतो म्हणून माणूस जास्त चालतो आणि त्याची भरपाई तिसऱ्या दिवशी करतो. दुसऱ्या दिवशी बेताळभाटी, कोलवा, बाणावली. तिसऱ्या दिवशी वार्का आणि केळशी. हे दोन्ही पल्ले नऊ-दहा किलोमीटरचे. सव्वासहाला निघ आणि दहाला वाळू सोड. सूर्योदय सातच्या आसपास असतो, पण त्याआधीचं झुंजुमुंजु चालायला पुरतं.

या तीन दिवसांत वाळूवर ठिकठिकाणी व्हाळ, म्हणजे छोटे ओढे, आडवे येतात. ओहोटीला घोट्याएवढं पाणी, भरतीला गुडघ्याच्या वर. समुद्राला मिळतात तिथे व्हाळ सर्वांत रुंद आणि उथळ असतो, तिथून ओलांड. वरच्या बाजूला अरुंद दिसतो म्हणून फसू नको, तिथे तो खोल असतो आणि तळ चिखलाचा. गावातलं सांडपाणीही त्यातून येतं, म्हणून पायाला फोड किंवा जखम असेल तर आधी पट्टी लाव आणि ओलांडल्यावर गोड्या पाण्याने पाय धू.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे मच्छीमार भेटतील. वाळूवर ताणलेला दोर ओलांडू नको. तो एकदम हलतो आणि पाय अडकतो. मागच्या बाजूने, माणसांच्या पाठीमागून वळसा घे. त्यांच्या कामाची जागा आहे, आपण पाहुणे.

पहाटे कुत्र्यांच्या टोळ्या अंगावर येतात, विशेषतः शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा खानावळींच्या, आसपास. पळू नको. काठी खाली टेकवून ठेव, त्यांच्याकडे न बघता पाण्याच्या कडेने चालत राहा. चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू कर. चाल तिथेच थांबव. त्यात तडजोड नाही.

दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे वाळूचा उतार उजवीकडे. उजवा पाय सतत खाली पडतो. सात-आठ किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरू लागते, कधी कंबर. म्हणून पाणी खाली गेलेलं असताना अगदी सपाट पट्टा धर आणि दुखायला लागलं तर अर्धा तास किनाऱ्यामागच्या रस्त्याने चाल. ऊन डाव्या गालावर आणि डाव्या कानावर येतं, क्रीम लावताना सगळे कान विसरतात.

चौथा दिवस साळ नदीचा. मोबोरच्या टोकावरून पलीकडे बेतुल हाकेच्या अंतरावर दिसतं आणि पोहून जावंसं वाटतं. अजिबात नाही. नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असतो, भरती-ओहोटीचं पाणी त्या अरुंद जागेतून जोराने वाहतं आणि मच्छीमार बोटींची ये-जा असते. केळशीहून फेरीबोटीने असोळण्याला जा आणि तिथून रस्त्याने बेतुलला. फेरीबोट चालू आहे ना, हे आदल्या संध्याकाळी गावात विचारून घे. बंद असेल तर मागे येऊन बसने असोळणा गाठायचं, त्यात कमीपणा नाही. हा दिवस सहा-सात किलोमीटरचाच आहे. दुपारी कपडे धू, पाय बघ, झोप काढ.

कारण पाचवा आणि सहावा दिवस वेगळ्या जातीचे आहेत. बेतुलनंतर वाळू संपते आणि जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, सुरू होतो. बेतुल ते काब द राम आणि तिथून खोल्यावरून आगोंद, रोज बारा-तेरा किलोमीटर, चढउताराचे. नकाशावर कड्याच्या पायथ्याने एखादी वाट असल्यासारखं दिसेल. त्या नादी लागू नको. तिथे मोठे दगड आहेत, त्यांवर शेवाळ आहे आणि भरती आली की मागे फिरायची वाट बंद होते. पाणी एकसारखं चढत नाही हे ध्यानात ठेव. पहिल्या तासात जेमतेम चढतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र जवळजवळ निम्मी भरती येते. वरच्या रस्त्यानेच चाल.

सड्यावर सावली नाही आणि जांभा दहानंतर तव्यासारखा तापतो. सहाला निघालंच पाहिजे. या दोन दिवशी अंगावर तीन लिटर पाणी हवं. वाळूवरच्या दिवसांत दीड लिटर पुरतं, कारण दर दोन-तीन किलोमीटरवर शॅक किंवा दुकान असतं. तासाला अर्धा लिटर, घोट घोट. नुसतंच पाणी पीत राहिलं आणि घाम वाहत राहिला तर मीठ कमी होऊन डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. दिवसातून एक ओआरएसचं पाकीट घे. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. पोचल्यावर मीठ घातलेली पेज मिळाली तर तिच्यासारखं काही नाही. लघवी गडद पिवळी झाली तर पुढच्या सावलीत बसायचं. घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर तो उष्माघात. अंग ओलं करून वारा घालायचा आणि १०८ लावायचा.

सातव्या दिवशी आगोंद ते पाळोळे डोंगरावरून रस्त्याने आठ-नऊ किलोमीटर, आणि पुढे काणकोण स्थानक. आगोंदला कासवांची घरटी कुंपण घालून राखलेली दिसतील. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी निघतात. म्हणजे तुझ्या आठवड्यात दोन्ही चालू असतं. रात्री किनाऱ्यावर पांढरा उजेड पाडू नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर पोचतात. विजेरी लाल उजेडाचीच घे. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला ओहोटीत चालत जाण्याजोगं बेट आहे, पण तू पोचशील त्या दिवशी भांग असेल. भांगात पाणी चढतही कमी, उतरतही कमी. ते बेट या खेपेला लांबून बघ.

पायांबद्दल सविस्तर लिहितो, कारण अर्ध्यावर परतणारे बहुतेक पायांमुळे परततात. जाळीच्या कापडाचे बूट वाळूवर घालू नको. बारीक वाळू जाळीतून आत शिरते आणि दोन तासांत बोटांमध्ये कानसीचं काम करते. वाळूवर पट्ट्यांच्या घट्ट सँडल आणि पातळ मोजे, सड्यावर बूट. पहिल्या तीन दिवसांत बूट सॅकला बाहेरून बांध. अनवाणी चालायचा मोह होईल. अर्धा तास ठीक, दिवसभर नाही. तळव्याची कातडी ओली राहून मऊ पडते आणि शिंपला लगेच कापतो. दर थांब्यावर मोजे काढ, गोड्या पाण्याने मीठ धू, पंचाने बोटांमधलं पुस. एखादी जागा गरम लागली की तिथल्या तिथे कागदी मायक्रोपोर पट्टी लाव. फोड आल्यावर नव्हे, गरम लागल्यावर. ‘पुढच्या शॅकपर्यंत जाऊ’ म्हटलं की फोड आलाच. पट्टीच्या दोन गुंडाळ्या घे.

तुझ्या यादीतला तंबू आणि गॅसची शेगडी काढून टाक. किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करायला कायद्याने मनाई आहे, दंड होतो. आणि रोज गावात मुक्काम असताना तीन किलो ओझं कशाला? पाण्यासकट सात किलोंच्या वर सॅक नको. दोन जोड कपडे, एक अंगावर आणि एक कोरडा. पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, मान झाकणारी टोपी, पंचा, विजेरी, शिट्टी, पॉवर बँक, आधार कार्ड, रोख पैसे. मोबाइलसाठी जाड प्लास्टिकची पिशवी. खायला चणे, गूळ, खजूर. सकाळी गावात पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल दिसली की दोन पोयी (गोव्याचे गोल पाव) घे, दुपारपर्यंत छान राहतात. शॅक सकाळी लवकर उघडत नाहीत, म्हणून न्याहारी जवळ असलेली बरी.

पाण्यात उतरायचंच असेल तर जीवरक्षक असतील तिथे, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकू नको, घासत ने. वाळूत दबून बसलेली वाघळी (काटेरी शेपटीचा चपटा मासा) त्या हालचालीने निघून जाते, नाहीतर शेपटीचा काटा मारते.

निघण्याआधी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, भरलेल्या सॅकनिशी चालायला लाग. त्यातलं एक चालणं बाणावली ते कोलवा आणि परत, त्याच सँडलमध्ये. नव्या सँडल निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नको.

शेवटचं काम कागदाचं. एका पानावर सात ओळी काढ: तिथी, ओहोटीची वेळ, कुठून कुठे, मुक्कामाच्या घराचा फोन, आणि त्या पल्ल्यातून बाहेर पडायची जागा. पहिले तीन दिवस ती जागा जवळचा बसस्टॉप. पुढे कदंबच्या (सरकारी) बसेस कमी, म्हणून बेतुल आणि खोल्याच्या पट्ट्यात ओळखीच्या पायलटचा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याचा, नंबर मुक्कामाच्या घरातून आधीच घे. नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेव, सड्यावर रेंज जाते. रोज मुक्कामी पोचल्यावर घरी फोन करायची वेळ ठरव, दुपारी एक म्हणू. दोनपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी आधी मुक्कामाच्या घरी, मग ११२ वर फोन करायचा, हेही त्याच पानावर लिही. एक प्रत घरी, एक सॅकमध्ये, एक मला पाठव. ओहोटीच्या वेळा मी कोष्टकाशी ताडून परत पाठवतो.