घोडा दाखवायचा की नाचवायचा?

मार्च लागला की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "मॅडम, हा हाताने काही करायला बसतच नाही. बसलाच तर थोड्या वेळात फाडून टाकतो. एकाग्रता कमी आहे का?" शाळेने वसंत ऋतूचा प्रकल्प दिलेला असतो, प्राणी-पक्षी करून न्यायचे असतात, आणि रात्री दहाला घरात एकीकडे कात्री, दुसरीकडे रडारड.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक आई अशीच सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) तिने आधी पिशवीच रिकामी केली: ऑनलाइन मागवलेले क्राफ्टचे संच, चिकटवायचे डोळे, चमकी. "एवढं आणून दिलं, तरी रडतो."

मी त्या दोघांना माझ्यासमोरच एक कासव करायला सांगितलं. अर्धी करवंटी, जुना पुठ्ठा, कात्री. मोरजीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात हे त्याला ठाऊक होतं. पिल्लं बाहेर यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात हे मी सांगितलं, तेही त्याने कान देऊन ऐकलं. मग करवंटीवरचा काथ्या पॉलिश पेपरने घासत बसला. इतका गुंगला की बाहेर कुणी बेल वाजवली तरी मान वर केली नाही. ज्याची एकाग्रता कमी म्हणून आणलं होतं, तो हाच मुलगा.

बिनसलं ते पाय कापताना. पहिला पाय मोठा झाला, दुसरा चिंचोळा. "अरे, असं नाही, दे इकडे," म्हणत आईने कात्री घेतली आणि मोठा पाय नीट करून दिला. तिसरा पाय कापताना तो पुठ्ठ्याकडे कमी आणि आईच्या तोंडाकडे जास्त बघत होता. चौथ्याची वेळच आली नाही; पुठ्ठा चुरगळून तो खुर्चीखाली गेला.

आईशी मी वेगळं बोलले. सहाव्या वर्षी बहुतेक मुलांना सरळ रेषेवर कापता येतं, गोलाई मात्र वाकडीतिकडी होते, आणि जाड पुठ्ठा तर भल्याभल्यांना दमवतो. त्यातून संचाच्या डब्यावरचं चित्र मोठ्या माणसाने केलेलं. तसं होणार नाही हे मुलाला कात्री हातात घेतानाच कळतं. मी विचारलं, "हे कासव कुणासाठी होतं?" ती म्हणाली, "शाळेत दाखवायला." मला वाटतं, गोची इथेच आहे. दाखवायची वस्तू वाकडी झाली की वाया जाते. खेळायची वस्तू वाकडी झाली तरी खेळता येते.

शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाचे दिवस होते. मुलाने नुकतीच घोडेमोडणी पाहिली होती, कमरेला घोडा बांधून हातात तलवार घेऊन नाचणारे. मग तोच घोडा ठरला. वाण्याकडून फुकट मिळणारा खोका, वरून-खालून उघडा, खांद्यावर अडकवायला जुन्या परकराची नाडी. तोंडाचा जाड पुठ्ठा आईने कापायचा, तोही त्याने पेन्सिलीने आखून दिला तसाच. आयाळ वर्तमानपत्राच्या फाडलेल्या पट्ट्यांची. फाडायला कात्री लागत नाही, म्हणून चुकायलाही जागा नाही. चिकटवायला मैद्याची खळ: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात आधी गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळायचा. पातेलं आईकडे, निवलेली खळ मुलाकडे.

आईला दोनच पथ्यं दिली. त्याने मागितल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि "छान, छान" म्हणण्याऐवजी घोडा कुठे निघालाय ते विचारायचं. दुसरं तिला जमलं. पहिल्यासाठी, तिच्याच शब्दांत, "हातावर बसून राहावं लागलं."

घोड्याची मान लुळी पडली. त्यावर मुलाने काय तोड काढावी? घोडा दमलाय, त्याला पाणी हवंय, असं सांगत तो अंगणभर नाचला. पुढे आजीही सामील झाली. माडाच्या पातीचा साप तिला विणता येतो, हे सुनेला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. अंड्यांच्या ट्रेची एक रांग कापून सुरवंट झाला, मिशा माडाच्या हिरांच्या, म्हणजे पातीतल्या काड्यांच्या. विकत काही आणावं लागलं नाही.

हंगाम काजूचा आहे, म्हणून एक सावधगिरी. सालासकटची बी आकाराने पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते आणि मुलं ती हमखास उचलतात. कच्च्या बीच्या सालातलं तेल कातडी भाजतं, फोड येतात. ती क्राफ्टला नको. हिरांची टोकंही कापून द्यावीत.

कात्रीच नव्हे, तर पेन्सिल, बटण, चमचा या सगळ्यांतच सहाव्या वर्षी मुलाची ओढाताण होत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारे तज्ज्ञ) एकदा दाखवावं. या मुलाचं तसं काही नव्हतं.

परवा त्या आईचा फोन आला, नवी तक्रार घेऊन. घरात खोके मावेनात, आणि टाकायला गेलं की हा आकांडतांडव करतो. मी म्हटलं, एक पेटी त्याच्या नावाची करा. ती भरली की काय टाकायचं ते त्यालाच ठरवू द्या. घोडा मात्र पेटीत मावणार नाही, तो खुंटीला टांगा.