मिडफिल्डला खेळायचंय? मग आधी मान फिरवायला शिक

भावा, फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा, व्हायचं म्हणतोयस, झकास! पण पहिल्याच आठवड्यात लांब पासच्या मागं लागू नकोस.

आधी एकच सवय लाव. बॉल पायात यायच्या अगोदर दोन्ही खांद्यांवरून मागं बघ. बार्सिलोनाच्या झावीचा सगळा खेळ याच सवयीवर उभा होता. आपल्या कोल्हापुरात गांधी मैदानावर नवी पोरं बॉलकडं टक लावून थांबतात आणि तो आला की मग वळतात. तोवर समोरचा अंगावर आलेला असतो.

शाहू स्टेडियमची गॅलरी भरली, पेठेतली माणसं नावानं हाका मारायला लागली, की चार जणांना चकवायचा मोह होतो. तिथंच बॉल जातो. दोन टचमध्ये पास दे आणि लगेच मोकळ्या जागेत पळ.

डावा पाय कच्चा असेल तर रोज भिंतीवर ५० पास फक्त डाव्यानं. कंटाळा येईल, तरी सोडू नकोस.

उंचीची काळजी तर अजिबात नको. १७२ सेंटिमीटरच्या मिडफिल्डर लुका मॉड्रिचनं २०१८ चा बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, जिंकला.

फॉर्मेशन (कोण कुठं उभं राहायचं), प्रेसिंग (बॉल हिसकवायला समोरच्यावर धावून जाणं) पुढच्या सिझनला बघू. उद्या सकाळी सहाला ये, भिंतीपासूनच सुरू करू.