गणपतराव देशमुखांचे अकरा विजय आणि सांगोल्याचे गणित

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले, हा देशातला विक्रम आहे का, आणि इतक्या विजयांचे श्रेय केवळ त्यांच्या साध्या राहणीला द्यावे का. दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्याचे थोडक्यात देता येते, दुसऱ्याचे मात्र सविस्तर द्यावे लागेल.

केरळचे के. एम. माणी हे पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले, आणि त्याच राज्यातील ओमन चांडी यांनी पुतुपल्लीतून १९७० ते २०२१ अशा सलग बारा निवडणुका जिंकल्या. करुणानिधींचे तेरा विजय अनेकदा या संदर्भात पुढे केले जातात, पण ते वेगवेगळ्या मतदारसंघांतले असल्यामुळे ही तुलना येथे लागू होत नाही. तेव्हा गणपतरावांचा विक्रम महाराष्ट्रापुरता धरावा. त्याने त्याचे मोल कमी होत नाही. दुसरी दुरुस्ती, हे विजय ‘सलग’ होते असा जो समज असतो, त्याबाबत करावी लागेल. ते १९६२ आणि १९६७ मध्ये जिंकले, १९७२ मध्ये काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील यांच्याकडून हरले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० मध्ये जिंकले, १९९५ मध्ये पुन्हा हरले, आणि १९९९, २००४, २००९ व २०१४ अशा चार निवडणुका ओळीने जिंकून २०१९ मध्ये वयोमानामुळे थांबले. मधले खंड वजा केले तर प्रत्यक्ष आमदारकी सुमारे पन्नास वर्षांची भरते. पंचावन्न वर्षांचा जो आकडा सर्रास सांगितला जातो, त्यात पराभवाची वर्षेही मोजलेली असतात.

आता साधेपणाविषयी. एसटीच्या गाडीत आमदारांसाठी राखीव असे लिहिलेले एक आसन असते, आणि बहुतेक आमदारांनी त्यावर कधी बूड टेकलेले नसते. गणपतराव त्या आसनावरून प्रवास करीत, ही गोष्ट खरी आहे आणि सांगोल्यात तिचे कोणाला नवलही वाटत नसे. परंतु केवळ एसटीने फिरण्यामुळे कोणी निवडून येत असता, तर शेकापचे कितीतरी प्रामाणिक आणि फाटके कार्यकर्ते विधानसभेत दिसले असते. प्रत्यक्षात काय झाले ते पाहा. १९६२ मध्ये काँग्रेसच्या प्रचंड बहुमतासमोर शेकाप पंधरा आमदारांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष होता आणि कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. १९७८ मध्ये पक्षाचे तेरा आमदार होते, १९९९ मध्ये पाच उरले, २००४ मध्ये दोन. केशवराव जेधे, शंकरराव मोरे, यशवंतराव मोहिते अशी एकेक मोठी माणसे फार पूर्वीच काँग्रेसमध्ये गेली होती. राज्यभर पक्ष आटत असताना सांगोल्यात मात्र शेकापचा लाल बावटा टिकला, आणि तो का टिकला हाच खरा प्रश्न आहे.

माझ्या मते त्याची मुळे पाण्यात आणि सहकारात शोधावी लागतात. सांगोला हा पर्जन्यछायेतला तालुका आहे. माण नदी वर्षातून बराच काळ कोरडी असते आणि शेजारच्या पंढरपूर, माळशिरसच्या बागायती भागाकडे पाहत येथल्या पिढ्या गेल्या. अशा तालुक्यात साखर कारखान्याच्या जोरावर चालणारे पश्चिम महाराष्ट्राचे नेहमीचे राजकारण पुरते रुजले नाही. गणपतरावांनी त्याऐवजी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. राज्यातल्या अनेक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, काहींना कुलुपे लागली, आणि कापसासाठी ज्याचे नाव कोणी घेत नाही अशा सांगोल्यातली गिरणी मात्र चालत राहिली. संस्थेवरचा विश्वास मतांत उतरतो, हे सहकाराच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाल्यावर या माळरानावर डाळिंब आले आणि सांगोल्याला त्याची ओळख मिळाली. ते श्रेय एकट्या आमदाराचे म्हणता येणार नाही, पण दुष्काळी कामे, मजुरी आणि रोजगार हमी यांवर विधानसभेत सातत्याने बोलणारा हा आमदार होता.

पाण्याच्या प्रश्नावर त्यांनी तालुक्याबाहेरही मैत्र जोडले. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला भरवलेल्या पाणी परिषदेत सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांचे दुष्काळी तालुके एकत्र आले आणि कृष्णेचे पाणी उचलून या भागाला द्यावे, ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली गेली. गणपतराव त्या चळवळीचे एक मुख्य आधार होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी उशिरा आले, अपुरे आले, तरी ते मागणाऱ्यांत कोण होते हे गावोगाव लक्षात राहिले.

सत्तेत ते दोनदाच गेले. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते मंत्री होते. दुसऱ्या वेळेचा शेवट बोलका आहे: रायगड जिल्हा परिषदेतल्या वादावरून शेकापने २००२ मध्ये सरकारचा पाठिंबा काढला आणि सांगोल्याच्या आमदाराने मंत्रिपद सोडले. ज्या भांडणाशी आपल्या तालुक्याचा काडीचा संबंध नाही, त्यासाठी पक्षाचा आदेश मानणारे किती मंत्री आपण पाहिले आहेत?

तरीही सांगोला हा त्यांचा अभेद्य गड होता, असे समजणे चूक ठरेल. १९९५ मध्ये राज्यात काँग्रेसची सत्ता जात होती, आणि नेमक्या त्याच वर्षी येथे काँग्रेसचे शहाजीबापू पाटील अवघ्या १९२ मतांनी निवडून आले. मतदान केंद्रांवर ही मते वाटली तर केंद्रामागे जेमतेम एक-दोन मते येतील. राज्याचे वारे एकीकडे आणि तालुक्याचे दुसरीकडे, असा प्रकार सांगोल्यात नवा नव्हता, कारण लढत कायम लाल बावटा विरुद्ध इतर सर्व अशीच राहिली. धनगर समाजाची मोठी संख्या गणपतरावांच्या पाठीशी होती हे खरे आहे, पण तेवढ्यावर पन्नास टक्क्यांच्या जवळ जाता येत नाही. दर निवडणुकीत इतर समाजांतली आणि इतर पक्षांतली मते जोडावी लागत. २०१४ मध्ये, राज्यात चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढत असताना, त्यांनी शिवसेनेकडून उभ्या राहिलेल्या शहाजीबापूंना सुमारे पंचवीस हजार मतांनी हरवले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या बरेच पुढे गेले होते.

या गणिताची परीक्षा ते मैदानातून दूर झाल्यावर झाली. २०१९ मध्ये त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. आघाडी म्हणून राष्ट्रवादीचा पाठिंबा शेकापला होता, पण त्याच पक्षाचे तालुक्यातले वजनदार नेते दीपक साळुंखे यांनी शहाजीबापूंना साथ दिली आणि शेकापची जागा ७६८ मतांनी गेली. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले. पुढच्या वर्षी शहाजीबापूंच्या गुवाहाटीतल्या ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे सांगोल्याचे नाव भलत्याच कारणाने घरोघरी पोहोचले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने जिंकले आणि शेकापचे विधानसभेतले एकमेव आमदार झाले. हा विजय ‘आबांच्या’, म्हणजे गणपतरावांच्या, ‘पुण्याईचा’ म्हणून सांगितला जातो, आणि त्यात तथ्य आहेच. परंतु त्या वेळी साळुंखे हे ठाकरे यांच्या शिवसेनेकडून स्वतंत्रपणे उभे होते आणि त्यांना पन्नास हजारांच्या आसपास मते पडली. २०१९ मध्ये शहाजीबापूंमागे एकवटलेली मते या वेळी फुटली होती. पुण्याई तीच, पण समोरची मोट एकदा बांधलेली आणि एकदा सुटलेली होती. म्हणून सांगोल्याच्या कोणत्याही निकालाचा अर्थ लावताना पहिल्या दोन उमेदवारांइतकेच लक्ष तिसऱ्याच्या मतांकडे द्यावे, असे मी सुचवीन.