वाचक विचारतात: आयोवाचा निकाल आणि उतू गेलेला चहा

प्रश्न: ताई, आमचे जावई अमेरिकेत आयोवा राज्यात डी मॉइनला असतात, तिकडचं नागरिकत्व घेतलंय. 2020 साली ते डेमोक्रॅट पक्षाच्या कॉकसला (राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या सभेला) गेले होते. मी इथे सकाळी सहापासून टॅब मांडीवर घेऊन बसलो. जावई फोनवर सांगतायत की आमच्या केंद्राची मोजणी झाली, लोक घरी पण निघाले, आणि माझ्या टॅबवर आपलं शून्य टक्के. दुपारचं जेवण झालं तरी शून्यच! आपल्याकडे दहा वाजेपर्यंत कल तरी येतात. तिकडे नेमकं काय झालं होतं? (व. दि., कराड)

उत्तर: काका, त्या सकाळी तुम्ही एकटे नव्हता हो, मीपण बसले होते. 4 फेब्रुवारीचा मंगळवार, गॅसवर चहा, हातात मोबाइल, आणि मी नुसती रिफ्रेश करतेय रिफ्रेश करतेय, चहा उतू जाऊन शेगडी विझली तरी आयोवा शून्यावर. टीव्हीवाले बिचारे रिकामा नकाशा मोठा करून दाखवत होते.

झालं काय की आपल्या डोक्यात मोजणी म्हंजे निवडणूक आयोग, आठ वाजता सुरुवात, आधी टपाली मतं, मग मशीनच्या फेऱ्या, आणि सगळं एका वेबसाइटवर. अमेरिकेत असा एकच आयोग सगळ्या देशाची मोजणी करतो असं नाहीये. पक्षाचा उमेदवार निवडायचे दोन प्रकार, प्रायमरी आणि कॉकस. प्रायमरी बहुतेक ठिकाणी राज्य सरकारची यंत्रणा घेते, म्हणजे नेहमीसारखं मतदान, गुप्त मत, काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखं) ऑफिस मोजतं. कॉकस मात्र पक्षाची स्वतःची सभा असते. शाळेच्या जिममध्ये, चर्चमध्ये, लायब्ररीत लोक जमतात. रिपब्लिकन लोक भाषणं ऐकून चिठ्ठीवर नाव लिहितात आणि मोकळे होतात, पण आयोवाचे डेमोक्रॅट तेव्हा सरळ उभे राहायचे, या कोपऱ्यात एका उमेदवाराचे, सँडर्सवाले, त्या कोपऱ्यात दुसऱ्याचे, वॉरनवाले, आणि बहुतेक केंद्रांत ज्याच्या कोपऱ्यात 15 टक्क्यांपेक्षा कमी माणसं त्याच्या लोकांनी दुसरा कोपरा धरायचा. मग पुन्हा डोकी मोजायची. तुमच्या जावयांनी हेच केलं असणार. (माझं वैयक्तिक मत, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर असं उभं राहायचं म्हंजे सोसायटीच्या मीटिंगपेक्षा अवघड काम.)

आता त्या वर्षी पक्षाने ठरवलं की एक नाही, तीन आकडे जाहीर करायचे. पहिल्यांदा कोण कुठे उभं होतं तो, हलवाहलवीनंतरचा, आणि त्यावरून काढलेल्या राज्य-डेलिगेटचा, म्हणजे पक्षाच्या राज्य अधिवेशनातल्या प्रतिनिधींचा. सुमारे 1,700 केंद्रं, आणि हे सगळं पाठवायला एक नवीन ॲप. ॲप गंडलं. मग सगळ्यांनी फोन लावले, फोन जाम. एक केंद्र-सचिव तासाभराहून जास्त होल्डवर होता, तो टीव्हीवर लाइव्ह बोलत असतानाच पलीकडून फोन उचलला गेला, आणि हा तिकडे वळून बोलेपर्यंत कट पण झाला! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय तीन आकड्यांची बेरीज एकमेकांशी जुळेना. पहिले अर्धेमुर्धे आकडे आले तेव्हा आपल्याकडे बुधवारी पहाटेचे साडेतीन वाजले होते. म्हणजे केंद्रांवरची मोजणी जावई म्हणतात तशी वेळेत झाली होती, अडलं ते वर कळवण्यात.

आणि एवढं करून शेवटी काय, तर पहिल्या मोजणीत सँडर्स सुमारे 6 हजारांनी पुढे, राज्य-डेलिगेटमध्ये बुटिजेज केसभर पुढे, दोघंही म्हणतायत मीच जिंकलो. बायडन चौथे होते. चौथे! पुढे राष्ट्राध्यक्ष कोण झालं ते तुम्हाला माहितीये.

तसं आयोवाला हे नवीन नाही. 2012 ला रिपब्लिकन कॉकसच्या रात्री रॉम्नी 8 मतांनी जिंकले म्हणून सांगितलं, आणि दोन आठवड्यांनी कागद तपासल्यावर सँटोरम 34 मतांनी पुढे निघाले. त्यातही 8 केंद्रांचे कागद सापडलेच नाहीत. तोवर पुढच्या राज्याची, न्यू हॅम्पशायरची, प्रायमरी होऊन गेलेली, आयोवा जिंकल्याची हवा रॉम्नींनी खाऊन घेतलेली, सँटोरमना नुसतं सर्टिफिकेट.

प्रश्न: पहिला येणारा जिंकतो ना? मग बातम्यांत सारखं डेलिगेट डेलिगेट काय चालू असतं? आणि दोन टक्के मोजणीला विजेता कसा जाहीर करतात, सेटिंग असतं का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: डेलिगेट म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी. खरी मोजणी त्यांची. पहिला नंबर हा पेपरातल्या हेडलाइनसाठी असतो असं मी तरी समजते. त्याच 2020 चं न्यू हॅम्पशायर घे. सँडर्स 25.6 टक्के, बुटिजेज 24.3, क्लोबुशार 19.7. डेलिगेट किती? 9, 9 आणि 6. म्हणजे पहिला आणि दुसरा सारखेच! आणि वॉरन 9 टक्के, बायडन 8 टक्के, यांना भोपळा, कारण डेमोक्रॅटांत डेलिगेट मिळायला लागणारी 15 टक्क्यांची रेषा ओलांडली नाही. म्हणून निकाल बघताना मी वरच्या दोघांकडे कमी बघते, जो 14 आणि 16 च्या मधे लटकतोय त्याच्याकडे जास्त. तो रेषेच्या वर गेला की बाकीच्यांचा हिस्सा खातो, खाली घसरला की त्याचं सगळं दुसऱ्यांच्या ताटात.

रिपब्लिकनांचं वेगळं, त्यांच्यात मार्चच्या मध्यानंतर राज्यांना 'जिंकेल त्याला सगळे' करता येतं. 2016 ला 15 मार्चला ट्रम्पनी फ्लोरिडा जिंकलं आणि 99 च्या 99 डेलिगेट उचलले. त्यांचे प्रतिस्पर्धी रुबिओ यांनी स्वतःच्या राज्यात हरून त्याच रात्री माघार घेतली.

आणि हो, 2008 चं टेक्सास तर विचारूच नको. दिवसा प्रायमरी, संध्याकाळी त्याच पक्षाचं कॉकस. प्रायमरी हिलरींनी जिंकली, कॉकस ओबामांनी, आणि सगळं धरून डेलिगेट जास्त ओबामांना.

आता सेटिंगचं. नाही गं बाई. विजेता जाहीर करणारी असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था आहे, 1848 पासून ते मतं मोजून सांगतायत, अधिकृत निकाल नंतर राज्य किंवा पक्ष देतो. त्यांच्याकडे मतदारांचा मोठा सर्व्हे असतो, आधीच्या निवडणुकांचे काउंटीनुसार आकडे असतात, आणि मागचा गडी आता गाठूच शकत नाही अशी खात्री झाली की ते बोलतात. 2024 ला आयोवात रिपब्लिकन कॉकस सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला आणि ट्रम्प जिंकले म्हणून जाहीर झालं, तेव्हा कित्येक केंद्रांत लोक अजून भाषणं ऐकत बसले होते, हातातली चिठ्ठी कोरी, आणि खिशातला मोबाइल सांगतोय निकाल लागला. ट्रम्पविरुद्ध उभे असलेल्या डिसँटिसचे लोक भडकले, आणि मला विचारशील तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. निकाल मात्र बरोबरच निघाला, ट्रम्पना 51 टक्के मिळाले.

फरक कमी असेल तेव्हा मात्र टक्केवारीच्या शेजारी 'किती मोजून झालं' हा आकडा असतो त्याने फसू नकोस. 80 टक्के झालं म्हंजे 20 टक्के कुठलं राहिलंय? आपल्या आमदारकीच्या मोजणीत गावातला कार्यकर्ता काय म्हणतो, "थांब, आपल्या पट्ट्यातल्या पेट्या अजून फुटल्या नाहीत." मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी पेट्याच फुटतात, असो, पण तो बरोबर बोलतो. तसंच काउंटीचा नकाशा उघडायचा आणि मोठी शहरं, विद्यापीठांची गावं आलीत का बघायचं. आयोवात 99 काउंट्या आहेत, त्यातली पोक म्हणजे डी मॉइन आणि स्टोरी म्हणजे एम्सचं विद्यापीठ, या दोन राहिल्या असतील तर डेमोक्रॅटांच्या निकालावर पैज लावू नये. कॅलिफोर्नियात तर टपालाची मतं इतकी, की वेळेत शिक्का पडलेलं पाकीट नंतर आलं तरी धरतात, मोजणी आठवडे चालते.

प्रश्न: कुणी मराठी माणूस प्रायमरी जिंकलाय का? आणि बघायचं तर आपल्या किती वाजता? (बेळगाव)

उत्तर: बेळगावकरांनी हे विचारावं! चिकोडीत जन्मलेले श्री ठाणेदार 2018 ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅट प्रायमरीत उभे होते, तिसरे आले. 2022 ला डेट्रॉइटकडच्या काँग्रेस मतदारसंघात नऊ जणांच्या भाऊगर्दीत साधारण 28 टक्क्यांवर प्रायमरी मारली आणि नोव्हेंबरात निवडून गेले. राष्ट्राध्यक्षपदाची नव्हे, पण प्रायमरी ती प्रायमरीच.

वेळ अशी. हिवाळ्यात आयोवाचं कॉकस तिकडच्या संध्याकाळी सातला, म्हंजे आपल्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू. न्यू हॅम्पशायरची शेवटची केंद्रंही आपल्या साडेसहालाच बंद होतात. सुपर ट्यूजडे (एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांचं मतदान) आपल्यासाठी बुधवार सकाळ, व्हर्जिनियाचं मतदान साडेपाचला संपतं, कॅलिफोर्नियाचं साडेनऊला, तेवढ्यात डबा भरून होतो. मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हापासून सगळं आपल्याकडे तासभर आधी. आणि चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवा.